भोकं बुजवणारे सर्जेराव

कुठल्याही खोलीत शिरले की सर्जेराव आधी बोट ओलं करायचे, नमस्कार मागाहून. उजव्या हाताची करंगळी जिभेला लावायची आणि ती दाराच्या फटीशी, खिडकीच्या चौकटीशी, विजेच्या बटणांपाशी धरत खोलीभर फिरायचं. करंगळी जिथे गार पडेल तिथे फट. मग खिशातून चंदेरी टेप निघायची आणि दोन मिनिटांत फट बंद व्हायची. घर कोणाचं आहे, त्यांनी बोलावलं कशासाठी होतं, हे विचारायचं त्यानंतर.

आमची पहिली भेटही अशीच झाली. कतारमध्ये, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. घरांची आणि इमारतींची देखभाल हे कंपनीचं काम. तक्रारी घ्यायच्या, माणसं पाठवायची, काम झालं की बघून सही करायची, हे माझं. मी रुजू झाले त्याच आठवड्यात एक सडसडीत, मिशाळ गृहस्थ आत आले, माझ्याकडे न बघता करंगळी ओली करून माझ्या खुर्चीमागे गेले आणि तिथूनच म्हणाले, "मॅडम, पाठ दुखती का तुमची?"

"दुखते," मी म्हटलं.

"दुखणारच की. तुमच्या मागच्या सॉकेटातनं वारं येतंय. थांबा."

त्यांनी सॉकेटभोवती टेप लावली आणि निघून गेले. पाठ दुखायची काही थांबली नाही, कारण ती खुर्चीमुळे दुखत होती. पुढे मी खुर्ची बदलून घेतली आणि पाठ बरी झाली. पण सर्जेरावांनी तोपर्यंत सगळ्या कंपनीत सांगून टाकलं होतं, की नव्या मॅडमची पाठ डॉक्टरला जमली नाही ती आपण एका टेपेत बरी केली. मी खुलासा करायच्या भानगडीत पडले नाही.

ते सांगलीकडचे, वाळवा तालुक्यातले. ऐन तरुणपणी कतारला आले ते एसीच्या डक्टचं, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं काम करायला, आणि त्याच कामात केस पिकले. पत्रा कापायचा, वाकवायचा, डक्ट जोडायचा, त्यावर ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस गुंडाळायचा, वर चंदेरी टेप मारायची. आतला गारवा बाहेर जाता कामा नये, बाहेरची गरम हवा आणि धूळ आत येता कामा नये. या देशात हे काम म्हणजे थट्टा नाही. "गारवा म्हंजे दूध," ते म्हणायचे. "सांडलं की गेलं. भरून घेता येत न्हाई." त्यांचं दुसरं वचन सगळ्या टीमला पाठ होतं: "भोक दिसलं की बुजवावं. कशाचं हुतं ते मागनं इचारावं."

नम्रपणा त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. गाडीतून वेस्ट बेवरून जाताना काचेच्या टॉवरकडे बोट दाखवून म्हणत, "त्या मधल्यात माझा डक्ट हाय. आत भर उन्हाळ्यात सायेब लोकं कोट घालून बसत्यात, ती कुणाच्या जिवावर?" एखाद्या तरुण इंजिनिअरने काही सुचवलं तर ते ऐकून घेत आणि नेमकं उलट करत. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे, आणि कधी चूक निघाली तर तो विषय ते पुन्हा काढत नसत. मला त्यांचा राग यायचा. त्यांच्याशिवाय काम अडायचं, हेही खरं.

संक्रांतीला मी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. माझ्या मुलाला मराठी कळतं, पण उत्तर तो इंग्रजीतून देतो. सर्जेराव त्याच्याशी वाळव्याच्या मराठीत बोलत होते, तो इंग्रजीत बोलत होता, आणि दोघांचं छान चाललं होतं. जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, "आता साठीला आलात. परत जायचं मनात येतं का?"

"कुठं?" ते म्हणाले.

"घरी. गावी."

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. "ताई, मी सुट्टीवर गेलो की सूनबाई माळ्यावरनं चांगली गादी काढती. च्या कपबशीतनं देती. बाकी समद्यांना पेल्यात, मला कपबशी. पोरगा बोलताना उभा ऱ्हातो. समदी लई चांगली हायती. पर मी हाय पाव्हणा. म्हयनाभर पाव्हणा म्हणून बरं वाटतं. कायमचं पाव्हणं म्हणून कसं ऱ्हायाचं?"

ऑफिसात मॅडम म्हणणारे सर्जेराव त्या दिवसापासून मला ताई म्हणू लागले. त्यांना अजून दोन वर्षं हवी होती हेही मला त्या दिवशी कळलं. कंपनीचा नियम असा, की साठीनंतर करार वाढवायचा तर मॅनेजरची खास शिफारस लागते. आमचे मॅनेजर मॅथ्यू. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या पलीकडे जायला त्यांना कारण लागतं, आणि ते कारण फोटोत दिसावं लागतं.

कारण मिळालं ते दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या गावात. तिथे अबू हमद नावाच्या एका वयस्क कतारी गृहस्थांचं शेतघर आहे. खजुरीची झाडं, शेळ्या, आणि पाहुण्यांना बसायची मोठी बैठक, म्हणजे मजलिस. मजलिसमध्ये भिंतीत बसवलेली शेगडी होती. हिवाळ्यात दर गुरुवारी त्यांचे भाऊबंद जमायचे, शेगडी पेटायची, कॉफी फिरायची.

ही शेगडी विटांची नव्हती. कारखान्यात तयार होऊन आलेली लोखंडी पेटीसारखी होती. तिचा धूर न्यायला दुपदरी पत्र्याची नळी गच्चीपर्यंत गेलेली, आणि ती नळी दिसू नये, तिला ऊनपाऊस लागू नये म्हणून तिच्याभोवती लाकडी सांगाड्यावर सिमेंटच्या फळ्या ठोकून एक उभा खोका केलेला. खाली भिंत, वर गच्चीवर चौकोनी मनोरा. बघणाऱ्याला तेच धुराडं वाटतं. आम्ही त्याला खोकाच म्हणायचो.

आदल्या हिवाळ्यातल्या एका पावसात खोक्यातून पाणी उतरून मजलिसच्या भिंतीवर तपकिरी ओघळ आले होते. मी स्वतः गच्चीवर चढून बघितलं. खोक्यावरचं पत्र्याचं झाकण मध्ये खचून त्याची परात झाली होती. पाणी साचायचं, समुद्राची खारी हवा होतीच, गंज धरला आणि पत्र्याची चाळण झाली. वरची जाळी तुटून कबुतरांनी आत संसार मांडला होता. शिवाय अबू हमदची जुनी तक्रार होती, की वारा सुटला की खोक्यातून शिट्टी वाजते आणि शेगडीच्या कडेने धूळ येते.

काम सर्जेरावांना दिलं. नवीन झाकण त्यांनी स्टेनलेस पत्र्याचं केलं. मधे उंच, चारी बाजूंना उतार, कडा खाली दुमडून बाहेर काढलेल्या, म्हणजे पाण्याचा थेंब खोक्याच्या अंगाला न लागता बाहेर पडेल. नळी जिथून वर येते तिथे पत्र्याची कॉलर, कॉलरला फट बुजवायचं सीलंट, वर नवी टोपी आणि जाळी. कबुतरांची घाण काढली, कुजलेल्या पट्ट्या बदलल्या. झाकणावर बादलीभर पाणी ओतून त्यांनी मला दाखवलं. खोक्यावर एक ओघळ आला नाही.

इथवर सगळं उत्तम होतं. मग शिट्टी आणि धूळ. सर्जेरावांनी करंगळी ओली केली. खोक्याला वरच्या अंगाला झडपा होत्या, त्यातून वारा येत होता. त्यांनी झडपा बंद केल्या. आत नळीच्या भोवती चांगली हातभर पोकळी होती. त्यांनी ती ग्लासवूलने भरली, नळीला घट्ट गुंडाळून, वर चंदेरी टेप, जसं जन्मभर केलं तसं. काम इतकं सुबक होतं, की बंद करायच्या आधी सगळ्यांनी फोटो काढले. मीही बघितलं आणि मला ते आवडलं.

शिट्टी थांबली, धूळ थांबली. अबू हमद खूश झाले. मॅथ्यूंनी ते फोटो वेस्ट बेच्या मुख्य ऑफिसात नेऊन दाखवले आणि परत येऊन मला म्हणाले, "सर्जेरावांच्या शिफारशीचा कागद पाठवतो. हे काम पुरेसं आहे." मी सर्जेरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मला ठावं हुतंच," आणि संध्याकाळी सगळ्या टीमला चहा पाजला.

थंडी सुरू झाली तशी त्या मोसमाची पहिली मोठी बैठक ठरली. अबू हमदचे थोरले भाऊ मोठ्या ऑपरेशनमधून उठले होते आणि त्या गुरुवारी पहिल्यांदा घराबाहेर पडून मजलिसमध्ये येणार होते. त्याआधी शेगडी पेटवून बघायला सोमवारी सर्जेराव गेले. चार लाकडं, छोटा जाळ. धूर सरळ वर गेला. सगळं ठीक.

मंगळवारी सकाळी मी ऑफिस उघडलं तर ते पायरीवर बसलेले. आत आले, खुर्चीवर बसले आणि करंगळी ओली केली नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, काल भिंतीला हात लावला मी. शेगडीच्या वर, पार छताजवळ. गरम लागली."

"शेगडी पेटल्यावर भिंत गरम होणारच ना?"

"खाली हुईल. वर कशी? चार लाकडात?" त्यांनी खिशातली टेप काढून टेबलावर ठेवली. "डक्टाला आपण गुंडाळतो ते गारवा कोंडायला. हितं आत गारवा न्हाई. हितं आग हाय. मी आग कोंडली, ताई. बाजूला लाकडाचा सांगाडा हाय."

मी तशी शेगडी विकणाऱ्या दुकानाला फोन लावला. पलीकडे त्यांचा एक फिलिपिनो तंत्रज्ञ होता. मी सगळं सांगायच्या आधीच त्याने विचारलं, नळीच्या भोवती काही भरलंय का? मी हो म्हटल्यावर तो म्हणाला, मॅडम, ती पेटवू नका. ती पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. नळी तापते, भोवतीची हवा ती उष्णता वरच्या झडपांतून बाहेर नेते. हवा बंद केली की उष्णता लाकडात जाते. आज नाही पेटलं तर पुढच्या आठवड्यात पेटेल.

मॅथ्यूंनी ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. मग त्यांनी मार्ग काढला. गुरुवारी शेगडी पेटवू नका म्हणून सांगू, वार्षिक तपासणी राहिली आहे म्हणू. पुढच्या आठवड्यात गुपचूप खोका उघडून ग्लासवूल काढू. कोणाला काही कळायचं कारण नाही. सर्जेरावांचा कागद अजून वर मंजूर व्हायचा होता, तोही अडणार नाही.

मला तो मार्ग वाईट वाटला नाही. सर्जेरावांनी नाही म्हणून मान हलवली.

"सायेब, म्हातारा ऐकायचा न्हाई. तपासणी ऱ्हायली म्हणलं तर म्हणंल, ऱ्हाऊ दे, आज भाऊ आलाय, पेटवा. आन् पेटवंल. खरं सांगितलं तरच थांबंल."

"खरं सांगितलंत तर तुमचा कागद मंजूर होणार नाही," मॅथ्यू म्हणाले. "तक्रार आली तर माझ्या हातात काही राहत नाही."

"व्हय," सर्जेराव म्हणाले. "ते कळलं मला."

दुपारी आम्ही दोघं उम्म सलालला गेलो. अबू हमद मजलिसमध्ये नव्या गाद्या लावून घेत होते. आजारी भावाची जागा त्यांनी शेगडीच्या अगदी शेजारी, भिंतीला टेकून केली होती. आम्हाला बसवलं, कॉफी दिली. सर्जेरावांनी फिंजान, म्हणजे कॉफीची छोटी वाटी, हातात तशीच धरून ठेवली आणि आखातात चालणाऱ्या मोडक्या हिंदीत सांगून टाकलं. "बाबा, शेगडी नहीं जलाना. अंदर गलत काम है. आग लगेगा."

"कौन किया गलत काम?"

"मैं किया."

अबू हमदनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली आणि इंग्रजीतून सविस्तर सांगितलं. ते चिडले. ओरडले नाहीत, पण आवाज खाली गेला, ते जास्त वाईट. भाऊ येणार आहे, इतक्या महिन्यांनी येणार आहे, आणि तुम्ही मला आज सांगता. मग सर्जेरावांना म्हणाले, "सब लोग बोला, तुम नंबर वन. तुम भी बोला, मैं नंबर वन."

"बोला था," सर्जेराव म्हणाले.

"खोलो," अबू हमद म्हणाले. "अभी खोलो. मेरे सामने."

सर्जेरावांनी भिंतीची एक फळी छताजवळ कापून काढली. ग्लासवूल ओढून काढलं. नळीकडची एक लाकडी पट्टी मधोमध तपकिरी झाली होती, आणि ती एका छोट्या जाळाने. त्यांनी पट्टी उचकटून खाली उतरवली आणि अबू हमदच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती नाकाशी नेली. मग नोकराला हाक मारून भावाची गादी समोरच्या भिंतीला लावायला सांगितली. गुरुवारी मजलिसमध्ये विजेचे हीटर लागले.

तक्रार व्हायची ती झाली. अबू हमदनी केली नाही, त्यांच्या मुलाने केली, आणि ती रास्तच होती. सर्जेरावांचा कागद परत आला. मी मॅथ्यूंना जाऊन सांगितलं, की आपली चूक आपणहून सांगणारा माणूस आपल्याकडे दुसरा नाही. ते म्हणाले, "मॅडम, मला मान्य आहे. पण वरच्यांना मी काय फोटो दाखवू?"

शेगडीचं काम मात्र सर्जेरावांनीच पुरं करावं, असा अबू हमदचा निरोप आला. ते करताना मी दोनदा जाऊन बघितलं. नळीच्या जवळचं सगळं लाकूड त्यांनी काढलं आणि लोखंडी सांगाडा घातला. नळी पोकळीच्या मध्ये राहावी म्हणून पत्र्याचे आधार लावले. वरच्या झडपा पुन्हा उघडल्या आणि त्यांना बारीक जाळी ठोकली, कबुतर येणार नाही पण हवा खेळेल अशी. शिट्टी कमी व्हावी म्हणून झडपांची पाती थोडी तिरकी केली. शिट्टी कमी झाली, बंद झाली नाही.

"थोडी धूळ येणार, ताई," ते झडपेकडे बघत म्हणाले.

"येऊ दे."

"येऊ दे म्हणता. मला बगवत न्हाई." आणि खरंच ते जाळीकडे पाठ करून शिडी उतरले. उतरल्यावर मला त्यांनी सांगून ठेवलं: दर वर्षी थंडीच्या आधी झाकण बघायचं, उतारावर पाणी थांबत नाही ना, कॉलरचं सीलंट तडकलं नाही ना, जाळी धुळीने बुजली नाही ना, आणि आत टॉर्च मारून पोकळी मोकळी आहे ना. "दुसऱ्या कुणाला धाडू नका. धाडलं तर आमच्यातलाच कुणीतरी जाईल आन् प्रेमानं भरून ठेवंल."

मी कोणाला पाठवत नाही. गुडघे कुरकुरतात, पण शिडी चढते. शेगडी दर गुरुवारी पेटते.

सर्जेराव फेब्रुवारीत गावी परत गेले. कंपनीने हार घातला, मॅथ्यूंनी भाषण केलं, कोणीतरी समोसे आणले. सर्जेराव भाषणात एवढंच म्हणाले, की वेस्ट बेचे डक्ट नीट सांभाळा, ते माझे आहेत. जाताना मला म्हणाले, "गादी काढून ठेवली म्हणं सूनबाईनं. पोरगा गाडी घिऊन मुंबईला येणार हाय." हसले नाहीत. मीही धीराचे शब्द शोधले नाहीत. खोटे ठरणारे शब्द त्यांना चालत नसत.

पहिले काही महिने फोन यायचा तो ठरलेला. तब्येत बरी, पाऊस बरा, सगळी चांगली वागतात. आवाज पाहुण्याचाच. मग बरेच दिवस फोन आला नाही. परवा दुपारी आला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता.

"ताई, काय चाललंय? ऐका. हितं सैपाकघरात धूर कोंडतोय. चुलीवर भाकरी भाजत्यात, आन् वर एक फट न्हाई. सूनबाईचं डोळं रोज लाल. मी म्हणलं, हितं झडप पायजे. कुणाला इचारलं न्हाई. छिन्नी घेतली आन् आज सकाळी भिंत फोडली."

"तुम्ही? भोक पाडलंत?"

"चांगलं हातभर. वरनं पत्र्याची टोपी करणार हाय, पाऊस येऊ न्हाई म्हणून. धूर कसा सुटला म्हणून सांगू... पर समदा चुना पिठाच्या डब्यात पडला की वो. झाकण उघडं हुतं. पंधरा दिसांचं पीठ गेलं."

"मग?"

"मग काय. सकाळधरनं बोलतीया. च्या बी दिला न्हाई. शेजारची बाई बगायला आली, तिच्या देखत बोलली." ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "लई बोलली, ताई." आणि माझ्या लक्षात आलं, की हा माणूस बढाई मारतोय.

मागून सूनबाईचा आवाज आला, ठणठणीत. "मामा, कुणासंगं बोलत बसलाय? ती फोडाफोडी झाली ना? आता ती झाडणी घ्या आन् चुना भरा आदी. मी न्हाई भरायची. आन् ती शिडी वाटंतनं काढा."

"आलो, आलो," सर्जेराव तिला म्हणाले. मला ठेवतो म्हणायलाही ते थांबले नाहीत. फोन तसाच कुठेतरी ठेवला असावा. थोडा वेळ मला झाडणीचा आवाज ऐकू येत होता, मग मीच बंद केला.